कायद्याची पोच कोठवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मध्यंतरी बंदुकीच्या परवान्यांविषयी दोन पत्रे लागोपाठ प्रसिद्ध झाली. पहिल्या पत्रलेखकाचे म्हणणे असे, की पोलीस आणि लष्कर वगळता कोणाच्याही घरात बंदूक असता कामा नये आणि आजवर दिलेले सगळे परवाने सरकारने एकदाचे रद्द करून टाकावेत. दुसऱ्या पत्रलेखकाने अमेरिकेचा दाखला देऊन लिहिले, की शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला द्यावा, कारण ज्याच्या हाती शस्त्र नाही त्याचे स्वातंत्र्य सरकारच्या मर्जीवर असते. दोन्ही पत्रे तळमळीने लिहिलेली आहेत, यात शंका नाही. पण परवान्याची बंदूक घरात असणे म्हणजे काय, हे जवळून पाहण्याचा प्रसंग दोघांपैकी कोणावर आला नसावा, असे वाचताना वाटत राहिले. मी मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षे नोकरी केली आणि त्यानंतरची वीस वर्षे खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे, रानाला लागून असलेल्या वडिलोपार्जित जमिनीत भात, नाचणी आणि काजू पिकवतो आहे. वडिलांच्या काळची शेतराखणीची ठासणीची बंदूक परवान्यासह माझ्याकडे आहे. म्हणून हे पत्र लिहितो आहे आणि ते थोडे लांबले तर संपादकांनी सांभाळून घ्यावे, अशी विनंती करतो.

प्रथम ही बंदूक कशी असते ते सांगतो. एक लांब नळी, लाकडी दस्ता आणि वर घोडा, एवढाच तिचा थाट. नळीत आधी दारू घालायची, वर चिंध्यांचा बोळा सारायचा, गजाने ठासायचे आणि मग टोपी बसवायची. एक बार काढला की पुन्हा भरायला सरावलेल्या हातालाही मिनिटभर लागते. भात पोटरीत आले की रानडुकरांचे कळप उतरू लागतात आणि दाणा भरला की गवे येतात. एका रात्रीत एक कळप अर्ध्या एकराचे भात लोळवून जातो. सकाळी पाहावे तर खाल्लेले थोडे आणि तुडवलेले फार. माळ्यावर बसून डबे वाजवले, बॅटरी फिरवली, घसा बसेपर्यंत आरोळ्या ठोकल्या, तरी जो कळप हलत नाही तो हवेतल्या एका बाराने हलतो. मी आजवर एकही जनावर मारलेले नाही आणि मला आठवते तसे वडिलांनीही मारलेले नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते करता येत नाही. पिकाच्या रक्षणासाठी डुक्कर मारायचे झाले तरी वनखात्याचा लेखी आदेश लागतो आणि गव्याच्या बाबतीत तर पिकाची नासाडी हे कारणच कायदा मानत नाही. खंडेनवमीला आई नांगराचा फाळ, विळे आणि कोयते यांच्या शेजारी ही बंदूक मांडून तिला हळदकुंकू वाहत असे. तेवढा एक दिवस सोडला तर आम्हा भावंडांना तिला हात लावण्याची मुभा नव्हती.

आता कायद्याकडे वळतो. आपला शस्त्र कायदा १९५९चा आहे आणि तो १ ऑक्टोबर १९६२पासून अमलात आला. त्याचे तेरावे कलम दोन्ही पत्रलेखकांनी वाचावे, असे मला मनापासून वाटते. वीस इंचांपेक्षा कमी नाही अशा नळीची साधी, आतून आटे नसलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, अथवा पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर परवाना अधिकाऱ्याने परवाना 'द्यावा', अशी त्या कलमाची भाषा आहे. नाकारायचा झाला तर चौदावे कलम नाकारण्याची कारणे सांगते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून नाकारू नये असेही तेच कलम बजावते. आणि नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात. पुढे अठराव्या कलमाने अपिलाची वाट ठेवली आहे. म्हणजे १९५९च्या संसदेने बंदूक हा जन्मसिद्ध हक्क मानला नाही, पण अर्ज घेऊन दाराशी आलेल्या माणसाला झिडकारण्याचा अधिकारही कोणाला दिला नाही. तुला का देतो किंवा का देत नाही, हे त्याला सांगितले पाहिजे, अशी ती व्यवस्था आहे. माझे या पत्रातले सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

ही व्यवस्था सहजासहजी आलेली नाही. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत जो शस्त्र कायदा झाला त्याने या देशातल्या माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी केली आणि युरोपियनांना मात्र त्यातून वगळले. ज्या गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९२४ साली आपल्या बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या अहिंसेच्या पुरस्कर्त्यानेही त्या कायद्याचा अतिशय कडक शब्दांत निषेध केला होता. त्यांचा राग बंदूक मिळत नाही यासाठी नव्हता, एका सबंध राष्ट्राला एकाच वेळी अविश्वासू ठरवले गेले यासाठी होता, असे मी समजतो. पुढे १९३१च्या कराचीच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियम आणि निर्बंध यांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला. १९४८च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तसा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती स्वीकारली गेली नाही. आज घटनेच्या एकोणिसाव्या कलमात एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे ते 'शांततेने व विनाशस्त्र' जमण्याचे आहे. दुसऱ्या पत्रलेखकांनी हा इतिहास लक्षात घेतला असता, तर हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारलाच नाही असे त्यांनी लिहिले नसते. विचारला गेला, त्यावर चर्चा झाली आणि जाणत्या माणसांनी जाणूनबुजून 'नाही' असे उत्तर दिले.

ते उत्तर मला पटते आणि का पटते हे पलटणीतल्या अनुभवावरून सांगतो. आमची रायफल आमची नसे. तिचा नंबर आम्हाला तोंडपाठ असे, पण काम संपले की ती कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा व्हायची आणि सही केल्याशिवाय बाहेर यायची नाही. फायरिंग रेंजवरून परतताना प्रत्येक जवानाला आपल्याजवळ एकही राऊंड नाही आणि एकही खाली खोका, म्हणजे काडतुसाची रिकामी पुंगळी, नाही असे मोठ्याने सांगावे लागे, आणि एक खोका कमी भरला तर सबंध कंपनी अंधार पडेपर्यंत गवत चाळत बसे. ज्यांना देशाने बंदूक चालवायला शिकवले, त्यांच्याही बाबतीत देश एवढी काळजी घेतो. हे ज्याने पाहिले आहे त्याला बाजारातून मिक्सर आणावा तशी बंदूक घरी आणण्याची कल्पना सहन होणार नाही. अमेरिकेत हा हक्क १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीपासून आहे. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे असे म्हटले आणि २०२२ साली न्यूयॉर्क राज्याची, घराबाहेर बंदूक बाळगण्यासाठी विशेष कारण दाखवावे, ही अटही रद्द केली. आज तेथील शाळांतली मुले गोळीबार झाला तर कोठे लपायचे याची कवायत करतात. आमच्या भागातील अनेक मुले तेथे नोकरीला आहेत आणि त्यांच्या मुलांच्या तोंडून हे ऐकले की मन विषण्ण होते. एखादी गोष्ट घटनेत हक्क म्हणून कोरली गेली, की पुढच्या पिढ्यांतल्या लोकप्रतिनिधींचे हात किती बांधले जातात, हे त्या देशाकडे पाहून शिकावे.

आणखी एक प्रसंग लिहावा की न लिहावा, याचा मी बराच विचार केला. काही वर्षांपूर्वी आमच्याच घरातला एक तरुण मुलगा कर्ज आणि ठरलेले लग्न मोडणे अशा दोन्ही गोष्टी एकदम अंगावर आल्याने आतून पार खचला होता. जेवत नसे, बोलत नसे. एका रात्री मला जाग आली तेव्हा तो माजघरात भिंतीवरच्या बंदुकीखाली नुसता बसलेला होता. मी त्याला काही विचारले नाही. त्याच्याशेजारी उजाडेपर्यंत बसून राहिलो आणि सकाळची पहिली बस धरून, बंदूक गोणपाटात गुंडाळून, मी स्वतः ठाण्यात जाऊन ती जमा केली. पोच घेतली आणि चार महिने तिची आठवण काढली नाही. त्या हंगामात डुकरांनी जे खाल्ले ते खाल्ले. तो मुलगा आज बरा आहे, संसारात आहे. घरातली बंदूक चोराआधी घरच्याच माणसाच्या हाताला लागते, ही गोष्ट हक्काची भाषा बोलणाऱ्यांनी विसरू नये. पण कायद्याविषयी बोलताना मला त्या रात्रीतून दुसरीही गोष्ट दिसते. त्या मुलाच्या मनात काय चालले आहे हे कोणत्याही कलमाला, कोणत्याही पोलीस अहवालाला कळण्यासारखे नव्हते. ते घरच्यांना कळले आणि घरच्यांनी जे करायचे ते केले. कायद्याने एवढेच केले, की बंदूक नेऊन ठेवायला एक विश्वासाची जागा आणि हातात एक पोच दिली. तेवढे पुरेसे होते.

आता पहिल्या पत्राविषयी. सगळे परवाने रद्द केले तर नेमक्या कोणाच्या बंदुका जातील, याचा विचार त्या पत्रात नाही. ज्याचे नाव, पत्ता, फोटो, बंदुकीचा क्रमांक आणि आता संगणकावरचा स्वतंत्र ओळख क्रमांकही सरकारदरबारी आहे, त्याची जाईल. ज्याचे नाव कोठेच नाही त्याची राहील. बेळगाव हे कोल्हापूर आणि धारवाड यांच्या मधले गाव आहे, हे येथील वाचकांना सांगण्याची गरज नाही. २०१५ साली फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ऑगस्टमध्ये धारवाडात डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची त्यांच्या घराच्या दारात हत्या झाली. तपासात पुढे आली ती देशी बनावटीची ७.६५ मिलिमीटरची पिस्तुले. अशा पिस्तुलांसाठी कोणी परवान्याचा अर्ज भरत नाही. जगात सर्वांत कडक शस्त्रकायदा असलेल्या देशांत जपानची गणना होते, आणि त्या जपानमध्ये ८ जुलै २०२२ रोजी माजी पंतप्रधान शिंजो आबे यांना घरी जोडून तयार केलेल्या बंदुकीने मारण्यात आले. म्हणून जपानचा कायदा वाईट ठरत नाही. त्या कायद्याने तेथे फार माणसे वाचवली आहेत. पण कायदा कितीही घट्ट आवळला तरी एका मर्यादेपलीकडे तो त्याच माणसाला आवळतो जो आधीच त्याच्या मुठीत आहे, एवढे तरी यातून दिसते.

आमच्या डोंगरपट्ट्यात याचा आणखी एक परिणाम होतो आणि तो फार वाईट आहे. परवान्याची बंदूक मिळवणे आणि टिकवणे जितके जिकिरीचे होते, तितके लोक दुसऱ्या उपायांकडे वळतात. कोणी कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतो. कोणी पिठाच्या गोळ्यात लपवलेले गावठी बॉम्ब बांधावर ठेवतो. बार काढणारी बंदूक निदान माणसाच्या हातात असते आणि समोर काय आहे ते पाहून तो ती उचलतो. तारेला मात्र डुक्कर कोणते, हत्ती कोणता आणि पहाटे पाणी पाजायला निघालेला शेजारी कोणता हे कळत नाही. तारेला चिकटून माणसे आणि जनावरे मेल्याच्या, बॉम्बने गाईचा जबडा फाटल्याच्या बातम्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही अंगांनी, चंदगडकडून आणि खानापूरकडून, आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत. हे दोन्ही प्रकार आज गुन्हाच आहेत. तरी ते घडतात, कारण तेथे अर्ज नाही, नूतनीकरण नाही, ठाण्याच्या खेपा नाहीत. एखादी वाट बंद करताना तिच्या शेजारची कोणती वाट आपोआप मोकळी होते, हे पाहणे कायदा करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

२०१९ साली संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. एका परवानाधारकाला पूर्वी तीन बंदुका ठेवता येत, त्या दोन झाल्या. विधेयकात आधी तर एकच प्रस्तावित होती. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, ही गोष्ट चांगली झाली. लग्नात, मिरवणुकीत दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली, तिचे तर मी मनापासून स्वागत करतो. हवेत उडवलेली गोळी हवेतच विरून जाते अशी समजूत असलेले लोक मी वराती पाहताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत. त्या तरतुदीत गुन्हा काय, तो कोणी केला आणि धोका कोणाला झाला हे स्पष्ट आहे. तीनावरून दोनवर येण्याने मात्र कोणता गुन्हेगार निःशस्त्र झाला, हे मला आजही कोणी समजावून सांगितलेले नाही. माझ्याकडे एकच आहे, तेव्हा हा माझ्या सोयीचा प्रश्न नाही.

कायदा करण्यालाही सीमा असते, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच शस्त्र कायद्याच्या बाबतीत सांगितलेले आहे. १९८८च्या दुरुस्तीने सत्ताविसाव्या कलमात अशी तरतूद घातली होती, की प्रतिबंधित शस्त्राच्या वापराने कोणाचा मृत्यू झाला तर फाशीच, दुसरी शिक्षा नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. समोर उभा असलेला माणूस, त्याची परिस्थिती, त्याचा हेतू यांचा विचार करण्याचा अधिकारच कायद्याने न्यायाधीशाच्या हातून काढून घेतला होता, आणि संसदेलाही ते करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. माझ्यासारख्या शेतकऱ्याला त्या निकालाशी तसे काही देणेघेणे नाही. पण एकेका माणसाचा वेगळा विचार झाला पाहिजे, हे तत्त्व फाशीच्या बाबतीत खरे असेल तर ठासणीच्या बंदुकीच्या बाबतीत ते खोटे का व्हावे?

हे मी ज्या अनुभवावरून विचारतो तो आता सांगतो. निवडणूक जाहीर झाली की आमच्या भागातल्या परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करण्याचा निरोप येतो. डिसेंबर २०२०मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या तेव्हा मळण्या उरकायच्या होत्या आणि भाताच्या गंजी शेतात उभ्या होत्या. १० मे २०२३ला विधानसभेचे मतदान झाले. पुढच्या वर्षी १६ मार्चला लोकसभेची घोषणा झाली. आमचा खानापूर मतदारसंघ लोकसभेला उत्तर कन्नडात मोडतो, तेथे ७ मेला मतदान झाले आणि निकाल ४ जूनला लागला. प्रत्येक वेळी मी बंदूक घेऊन गेलो, रांगेत उभा राहिलो आणि पोच घेतली. शेवटच्या वेळी परत आणली तेव्हा पाऊस तोंडावर होता. घरी येऊन तेलाचा बोळा गजाला गुंडाळून नळीत फिरवला, तर तो तांबडा होऊन बाहेर आला. घोडा एका अंगाला कलला होता. वडिलांनी पन्नास वर्षे जपलेली वस्तू ओलसर खोलीत इतर बंदुकांच्या ढिगात पडून होती. तेथील शिपायांना मी दोष देत नाही. त्यांना जागा नाही, माणसे नाहीत आणि वरून आलेला हुकूम पाळण्यावाचून गत्यंतर नाही. पण त्या दिवशी अंगणात बसून ती नळी घासताना मला जे वाटले ते नुकसानीचे दुःख नव्हते. माझ्यावर एकही गुन्हा नाही, सतरा वर्षे या देशाने माझ्या हाती स्वयंचलित हत्यार विश्वासाने दिले, आणि मतदानाचा दिवस जवळ आला की तोच मी एकाएकी संशयित कसा होतो, हे मला उमगत नव्हते.

निवडणूक आयोगाच्या सूचना मी मिळवून वाचल्या. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करा, असे त्यांत नाही. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत, गुंतलेले अशा परवानाधारकांची छाननी जिल्हा पातळीवरच्या समितीने करावी आणि ज्यांच्याबाबत गरज वाटेल त्यांची शस्त्रे जमा करून घ्यावीत, असा त्यांचा रोख आहे. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही अशा सरसकट आदेशाला हरकत घेऊन छाननीचा आग्रह धरला होता. दक्षिण कन्नडातले शेतकरी याच तक्रारीसाठी आपल्या राज्याच्या उच्च न्यायालयात गेले आहेत. म्हणजे नियम ठीक आहे, न्यायालयाचे म्हणणे ठीक आहे, आणि तरी प्रत्येक निवडणुकीला निरोप मात्र सगळ्यांना एकच येतो. छाननी करायची तर एकेक कागद उघडून पाहावा लागतो, आणि निरोप धाडायला एक फोन पुरतो. येथे नवा कायदा नको आहे. असलेला कायदा वाचून त्याप्रमाणे वागणारा अधिकारी हवा आहे.

याच राज्यात कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि 'जम्मा', म्हणजे पिढीजात वहिवाटीची जमीन असलेल्यांना, परवान्यापासून सूट आहे. तिचे मूळ १८६१पर्यंत मागे जाते, केंद्राने २०१९ साली ती २०२९पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली ती वैध ठरवली. कोडव बांधवांचा मला हेवा वाटत नाही. त्यांच्या घरी जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत बंदूक आहे आणि ती सूट त्यांनी जबाबदारीने सांभाळली आहे. आमच्या मराठ्यांना, धनगरांना, गवळ्यांना तशीच सूट द्या अशी मागणी येथे अधूनमधून होते, तिला माझा पाठिंबा नाही. जातीवरून विश्वास आणि जातीवरून अविश्वास या दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत. मला सूट नको, छाननी हवी आहे आणि ती माझी स्वतःची व्हावी.

सीमाभागातल्या वाचकांच्या मनात यावर एक प्रश्न येईल, म्हणून तोही घेतो. शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय घटनेच्या केंद्रसूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. त्यामुळे सीमाप्रश्नाचा निकाल कोणत्याही बाजूने लागो, हा कायदा दिल्लीचाच राहणार. राज्याच्या हाती आहे ती अंमलबजावणी, आणि येथे भाषा आडवी येते. परवान्याविषयीचे निरोप, नोटिसा आणि आदेश आम्हाला कन्नडातून येतात. मला कामापुरते कन्नड वाचता येते. माझ्या शेजारच्या सत्तर वर्षांच्या परवानाधारकाला येत नाही आणि नूतनीकरणाची तारीख उलटून गेल्याचे त्याला दोन महिन्यांनी कळले. घटनेचे ३५०वे कलम तक्रार केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याची मुभा देते, पण उत्तर कळेल त्या भाषेत देण्याची सक्ती त्यात नाही. कारण लेखी द्यायचे असा कायदा आहे, पण ज्याला ते द्यायचे त्याला ते वाचता आले नाही तर ते कारण कोणासाठी लिहिले?

स्वसंरक्षणाचा मुद्दा दोन्ही पत्रांत आहे, त्यावर थोडेच लिहितो. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. तो हक्क सर्वांना आहे, मात्र त्यासाठी बंदूक मिळण्याचा हक्क नाही. शहरात, जेथे फोन केल्यावर पोलीस पोहोचू शकतात, तेथे हा फरक मला योग्य वाटतो. पण भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी यांसारख्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला आजही खांद्यावरून बाहेर आणावे लागते. २०२२च्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरात गोल्फ मैदानाच्या परिसरात एक बिबट्या शिरला, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि त्याला शोधायला हत्ती आणावे लागले. जिल्ह्याच्या ठिकाणी, सगळी यंत्रणा हाताशी असताना जर असे होते, तर रानातल्या वस्तीवर रात्री कोणी यायचे? परवाना देताना अर्जदार कोठे राहतो, मदत त्याच्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे पाहिले पाहिजे. बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्याचा आणि आमगावात राहणाऱ्याचा अर्ज एकाच मापाने मोजू नये. पहिला नाकारला गेला तर मला वाईट वाटणार नाही.

परवाना काढून घेण्याबाबतही माझे म्हणणे हेच आहे. सतराव्या कलमाने परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा पुरेसा अधिकार दिलेला आहे. दारू पिऊन बायकामुलांवर हात उगारणारा, भाऊबंदकीत बंदूक दाखवून धमकावणारा, निवडणुकीत दहशत घालणारा परवानाधारक असेल, तर त्याची बंदूक त्याच दिवशी उचलावी आणि आठवडाभर छाननीचीही वाट पाहू नये. गावात असा माणूस कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. अडचण अशी, की सगळ्यांच्याच बंदुका जमा करायच्या झाल्या की त्या एकाचे नाव घेण्याची जबाबदारी कोणावर राहत नाही, आणि निकाल लागला की त्याचीही बंदूक माझ्या बंदुकीबरोबर, त्याच रांगेतून, त्याच्या घरी परत जाते.

येत्या निवडणुकीची घोषणा कधी व्हायची ती होवो. मी या वेळी आधीच अर्ज करून ठेवला आहे. माझ्यावर कोणताही गुन्हा नाही, माझी जमीन रानाला लागून आहे, हंगाम अमुक ते अमुक महिन्यांत असतो, तरी माझ्या प्रकरणाची छाननी करून बंदूक जमा करावी किंवा करू नये याचा कारणांसह लेखी निर्णय द्यावा, अशी त्यात विनंती आहे. निर्णय जमा करण्याचा झाला तर मी ती नेऊन देईन. मात्र ती कोरड्या जागी, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवावी, एवढे मी खाली वेगळ्या ओळीत लिहिले आहे. अर्ज मराठीत आणि कन्नडात असा दोन्ही भाषांत आहे. शेजारच्या सत्तर वर्षांच्या गृहस्थांचाही तसाच अर्ज मी लिहून दिला आणि त्यांनी अंगठ्याऐवजी प्रयत्नपूर्वक सही केली. आपल्या वाचकांपैकी ज्या परवानाधारकांना असा अर्ज करायचा असेल त्यांना मसुदा देण्यास मी तयार आहे. आमच्या दोन्ही अर्जांची पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे.

आपला,
एक माजी सैनिक व शेतकरी,
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव